वापरा, पुरा, विसरा

परभणीहून परत येऊन पंधरा दिवस झाले. सोसायटीतल्या बायका जिन्यात भेटल्या की विचारतात, "शोभाताई, कशी झाली ट्रिप? मामा कसे आहेत?" मी म्हणते, "ऊन फार होतं हो." ऊन होतंच. वैशाखातलं परभणीचं ऊन काय असतं ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. पण उन्हाचं नाव पुढे करून मी बाकीचं सगळं गिळते आहे, हे आता माझं मलाच सहन होईना. म्हणून लिहायला बसले. तोंडाने सांगायला गेले तर मी नक्की स्वतःची बाजू घेईन. माझी जीभ मला चांगली माहीत आहे.

आधी मी कोण ते सांगते. नाशिकला तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले आणि हाताला काम हवं म्हणून प्लास्टिकच्या मागे लागले. सोसायटीत मला 'प्लास्टिकवाल्या मॅडम' म्हणतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून दिल्या नाहीत तर मी लोकांचं दार वाजवते. दोन वर्षांपूर्वी मी बायकांचा गट जमवला आणि त्या हिरव्या पिशव्या आणल्या. मक्याच्या स्टार्चच्या, आपोआप माती होणाऱ्या. त्यांच्यावर छापायचं वाक्य माझंच: 'वापरा, पुरा, विसरा!' तीन शब्द. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते नातवालासुद्धा पाठ करायला लावलं.

माझे मामा, मन्मथमामा, आईचे धाकटे भाऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचे. सोनपेठच्या पुढे गोदावरीच्या अंगाला एका खेड्यात त्यांचं किराणा दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मामांनी मला फोन केला होता, "शोभा, आता काय देऊ गं लोकांला?" मी म्हटलं, काळजी करू नका. त्याच महिन्यात आमच्या हिरव्या पिशव्यांचे गठ्ठे त्यांच्याकडे रवाना केले आणि मग दोन वर्षं पाठवत राहिले. दुकानावर लावायला पाटीसुद्धा रंगवून पाठवली. मामांनी ती लावली आणि गावाला सांगितलं, पिशवी उकिरड्यात टाका, सहा महिन्यांत खत होतंय. गाव मामांना 'अप्पा' म्हणतं. अप्पांनी सांगितलं म्हणजे झालं.

तर मी यंदा निघाले ती माझं काम डोळ्यांनी बघायला. फोटो काढायचे, गटाला दाखवायचे, नाशिकची कल्पना मराठवाड्यात कशी रुजली ते सांगायचं. बॅगेत नवी साडीसुद्धा घेतली होती, फोटोसाठी.

परभणी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं या शहराबद्दल म्हणतात. गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते आणि पाठीला घामाची धार लागली होती. स्टेशनाबाहेर एका टपरीवर सुशीला खाल्लं. आपल्याकडे पोहे तसं इकडे सुशीला. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, वर दाण्याचं कूट. पहिल्या घासाला मी म्हटलं, हे काय ओलं ओलं! तिसऱ्या घासाला दुसरी प्लेट मागितली.

आता माझ्याकडे प्रवासातला कचरा होता. पाण्याची एक बाटली, चिवड्याचं पाकीट, बिस्किटाचं वेष्टण, आणि हे सगळं ज्यात भरलं होतं ती आमची हिरवी पिशवी. मी कचरा कुठेही टाकत नाही. चौकशी केली तर टपरीवाल्याने समोरचं भंगारचं दुकान दाखवलं.

पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकचे ढीग होते आणि मध्ये बसक्या पाटावर एक बाई. साठीच्या, हातात बांगड्या, कपाळावर पदर ओढलेला. शमीमआपा. त्या एकेक पिशवी उचलत, कानाजवळ धरून चुरगळत आणि न बघता मागे भिरकावत. पिशवी बरोब्बर आपल्या ढिगात पडे. मला वाटलं, सवयीने चालली आहे धूळफेक. मास्तरीण ना मी! म्हटलं, "आपा, डोळे मिटा आणि सांगा." त्यांनी हसत डोळे मिटले. मी बाटली चुरगळली. "बाटली. सबसे आसान." मी चिवड्याचं पाकीट चुरगळलं. "चमकी. ये कोई नै लेता, बाई. बिस्कुट, कुरकुरे, शाम्पूची पुडी, सगळी चमकी. जाळतेत न्हाईतर फेकतेत."

इथे मला पहिला धक्का बसला. आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं ही चमकी धुऊन घ्यायला लावते! बायका मला शिव्या घालत चिवड्याची पाकिटं घासतात. महिन्याला गाडी येते, सगळं उचलून नेते. पुढे कुठे जातं, कोण घेतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. दाराबाहेर गेलं की माझ्या लेखी पुण्य जमा.

मग मी त्यांच्या कानाशी आमची हिरवी पिशवी नेली. आपांनी भुवया आकसल्या. डोळे उघडले, पिशवी हातात घेतली, दोन बोटांत ताणली, वास घेतला.

"ये हमारे काम की नै."

"अहो, ही साधी पिशवी नाही," मी म्हटलं. "हिची माती होते."

"वोइच तो," त्या म्हणाल्या. पिशवी माझ्या हातात परत ठेवली. "आमची पिशवी धुतेत, गाळतेत, दाना करतेत. दान्याचा पाइप होतो. ह्यातली चार-दोन गठ्ठ्यात गेली ना, तर पाइपाला भोकं पडतेत. सेठ अख्खा गठ्ठा तोंडावर फेकतो. दो साल से बहोत आ री ये हरी वाली. दिसायला एकच दिसती. म्हनून कानाला लावायचं."

"पण माती होते तिची," मी पुन्हा म्हटलं.

"मट्टी होती तो मेरे दरवाजे कू कायकू आयी?"

  मी मनात म्हटलं, या बाईला काय कळतंय, हिने भंगारापलीकडे पाहिलंय काय. माझ्या घरी प्रमाणपत्र आहे, फ्रेम करून लावलेलं. चमकी आणि हिरवी पिशवी पर्समध्ये कोंबून मी तोंड वाकडं करून निघाले. आपांनी मागून हाक मारली, "बाई, पानी तो पीके जाव, धूप बहोत है." मी थांबले नाही. याची आता लाज वाटते.

सोनपेठच्या वाटेवर

एसटी गंगाखेडवरून जाते. गोदावरीच्या पुलावर मी खिडकीला कपाळ लावून बसले. आई लहानपणच्या गोष्टींत या नदीचं पाणी एवढं एवढं सांगायची. आता मध्ये थोडी डबकी आणि दोन्ही बाजूंना वाळू. पुढे मोकळं काळं रान. नांगरून ठेवलेलं, ढेकळं एवढाली, आणि लांबवर एकही माणूस नाही. आमच्याकडे द्राक्षाचे मळे, जिकडे बघावं तिकडे तारा आणि खांब. इथे नजर नुसती पळत जाते.

सोनपेठला उतरून मी गावाकडच्या ॲपे रिक्षात बसले. शेजारी एक शेळी होती, तिने माझ्या पदराचं टोक चघळलं. मी ओरडेपर्यंत वीतभर गेलं होतं. चालक म्हणाला, "मावशी, तिला समदंच चालतं." सगळे हसले, मीही हसले. शेवटचं हसू ते. त्यानंतर काही तास मला हसू आलं नाही.

गाव जवळ आलं तसं मला रानात हिरवं दिसायला लागलं.

मी चष्मा पुसला. वैशाखात, कोरड्याठाक ढेकळांत, हिरवं? कोवळे कोंब असावेत तसं, सगळ्या रानभर, इथे थोडं, तिथे झुबका. वारा आला की हलत होतं. एका रानात, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. मला कौतुक वाटलं. मी चालकाला विचारलं, "काय हो, एवढ्या उन्हात काय लावलंय?"

चालक मागे न बघता म्हणाला, "कोणी काय न्हाई लावलं, मावशी. ती अप्पाची पेरणी हाय."

"कुठल्या अप्पाची?"

"मन्मथअप्पा. दुकानवाले. त्यांनी माती व्हायच्या पिशव्या वाटल्या, लोकांनी उकिरड्यात घातल्या, उकिरडा रानात पसरला. आता उगवल्यात."

ॲपेतले लोक पुन्हा हसले.  मी त्या रानाकडे बघत राहिले. एक फडकं ढेकळातून अर्धं वर आलं होतं आणि वाऱ्याने फडफडत होतं. त्याच्यावर पांढरी अक्षरं होती. इतक्या लांबून वाचता येत नव्हती, पण मला वाचायची गरजच नव्हती. मी त्या चालकाला सांगितलं नाही की मी अप्पांची भाची आहे. मारुतीच्या पाराशीच उतरले आणि उरलेली वाट उन्हात चालत गेले.

मामांचं दुकान

दुकान बंद होतं. भरदिवसा बंद दुकान मी त्या घरी कधी पाहिलं नव्हतं. पाटी मात्र जागेवर: 'येथील पिशवीची माती होते. वापरा, पुरा, विसरा!' खाली कुणीतरी कोळशाने तीन कोंब काढले होते.

मामी अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. मला बघून उठल्या, गालावरून हात फिरवला, "आलीस व्हय गं माय? किती वाळलीस!" मी अजिबात वाळले नव्हते. मामींच्या घरात मी नेहमीच वाळलेली असते. कुरडयांखाली युरियाची जुनी पोती उसवून शिवलेलं अंथरूण होतं. खिळ्याला तीन प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या. मी विचारलं, या कधीच्या? मामी म्हणाल्या, "तुझ्या मावसभावाच्या लग्नातल्या." मावसभावाचा मुलगा आता कॉलेजात आहे.

"मामा कुठं आहेत?"

मामी पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "कौसाबाईच्या रानात. येचायलेत."

मग सगळं कळलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला उकिरडे उपसून खत रानात पसरलं, तेव्हा पिशव्या बाहेर आल्या. काही अख्ख्या, काही फाटलेल्या. लोक आधी हसले, मग चिडले. मामा तेव्हापासून रोज पहाटे उठतात, अंघोळ, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि पोतं घेऊन रानात. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या सांगण्यावरून उकिरड्यात पिशव्या घातल्या, त्या प्रत्येकाचं रान मिरगाच्या आत साफ करून द्यायचं, असं त्यांनी बोलून दाखवलंय. एकदा पेरणी झाली की ते सगळं कुळवाखाली खोल जाणार, मग कुणालाच सापडायचं नाही. दुकान आता फक्त संध्याकाळी उघडतं.

"लोकं इचारतेत, अप्पा, तुमाला कोणी सांगितलं असं?" मामी आवाज खाली आणून म्हणाल्या. "हे म्हणतेत, मीच म्हणलो. तुझं नाव एकदाबी घेतलं न्हाई. मलाबी गळ घातलीय, शोभाला काय बोलू नको म्हणून. आता तू म्हणशील मामी चहाडखोर हाय."

 मामींनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कैरीचा तक्कू वाढला. येसराची आमटी मला प्राणाहून प्रिय. आमच्याकडे ते धने-डाळींचं भाजून दळलेलं पीठ कुठं मिळत नाही. त्या दिवशी मी अर्धी भाकरी टाकली.

मामा आले ते जेवणं झाल्यावर. डोक्याला उपरणं, पाठीवर पोतं, कपाळावरची विभूती घामाने गालापर्यंत ओघळलेली. मला वाटलं, आता बोलतील. मी तयारच होते. त्यांनी पोतं टेकवलं आणि म्हणाले, "शोभा, कवा आलीस? जेवलीस का न्हाई?" बस, एवढंच. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मला तिथे आलं. मामा घाबरले, "कामून रडायलीस गं? मामी काय बोलली का?"

संध्याकाळी दुकान उघडलं. मी मदतीला बसले. बायका येत होत्या, आणि मामा प्रत्येकीला सांगत होते, "घरून पिशवी आणा बाई. ही आता मी देत न्हाई. माझं चुकलं." प्रत्येकीला, हात जोडून. मी हे कधी बघितलं नव्हतं. दुकानदार माणूस, वाण्याच्या घरचा, जबान म्हणजे सगळं. एक बाई म्हणाली, "अप्पा, आदी तर आमी फडकं आणतच होतो की. तुमची पिशवी आली आन् आमी रिकाम्या हाताने यायला लागलो." मामांनी मान हलवली. ते खरंच होतं. माझ्या पिशवीने या गावातून प्लास्टिक हटवलं नव्हतं. घरून फडकं आणायची सवय हटवली होती.

मामा जुन्या रद्दीत साखर बांधत होते. कागदाचा शंकू, वरून दोन घड्या, दोऱ्याचे चार वेढे, दातांनी तोड. मी म्हटलं मी करते. माझी पुडी बाईच्या हातात सुटली आणि साखर उंबऱ्यावर सांडली. मुंग्यांची चंगळ झाली. "मॅडम, शाळा शिकवा तुमी," ती बाई म्हणाली.

गिऱ्हाईक संपल्यावर मामांनी गल्ल्यामागून एक कोरी हिरवी पिशवी काढली आणि भिंग काढलं, पंचांग वाचायचं. पिशवीच्या तळाशी, शिवणीला चिकटून, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांची एक ओळ होती.

"शोभा, ह्या वळीत काय लिवलंय गं? वरचं मराठी मला वाचता आलं. ही इंग्रजी हाय. कवापासून इचारायचं म्हणायलो."

मी भिंग घेतलं. तिथे लिहिलं होतं की ही पिशवी फक्त औद्योगिक खतप्रकल्पात, ठरावीक उष्णतेतच कुजते. घरच्या खतात किंवा जमिनीत कुजेल याची खात्री नाही.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला मला दिसेना.

"मामा, यात म्हटलंय की कारखान्यात नेली तर माती होते. तिथे तेवढी उष्णता देतात. उकिरड्यात नाही."

"म्हंजी पुरून न्हाई होत?"

"नाही."

"मंग कुठं हाय तसला कारखाना?"

"मला माहीत नाही, मामा. नाशिकात तरी आहे का, तेही मी कधी विचारलं नाही."

मामांनी पिशवीची नीट घडी घातली. "तू तर इंग्रजीची मास्तरीण," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. तेहतीस वर्षं मी मुलांना सांगत आले, खालच्या बारीक ओळी आधी वाचा, प्रश्न तिथेच लपलेला असतो. आणि माझ्याच पिशवीवरची ओळ मी वाचली नव्हती, कारण वरचं वाक्य माझं होतं.

परत आल्यावर मी पिशव्या देणाऱ्याला फोन केला, तेही इथेच सांगून टाकते. तो आधी म्हणाला, शंभर टक्के माती होते. मी ओळ वाचून दाखवली, तर म्हणाला, हो, कारखान्यात. मी विचारलं, मग रानात निम्म्या पिशव्यांचा हाताला नुसता भुगा कसा लागतो? तर म्हणाला, तो लॉट वेगळा असेल, त्यात दुसरं काही मिसळलेलं असेल. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडची माती कोरडी असेल." म्हणजे दोष मातीचा! प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढलं आहे. आम्ही लोकांना नेमकं काय देत होतो, हे मला आजही ठाऊक नाही.

कौसाबाईचं रान

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मामांबरोबर निघाले. वाटेत त्यांचं छोटं रान लागतं. कोपऱ्यात बेलाचं झाड आणि त्याखाली दगडी ओटा. माझ्या आजोबांची समाधी. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत. माणसाला बसवून, विभूती लावून, मातीत ठेवतात. मामांनी ओट्याला हात लावून नमस्कार केला, मग पाच-सहा पावलांवरचा एक खड्डा दाखवला.

"पहिल्या वर्षीच्या पिशव्या मी इथं पुरल्या होत्या. म्हणलं आधी आपल्या घरच्या. परवा उकरून बगितलं." त्यांनी पायाने माती सारली. हिरवा थर होता, ओला, चकचकीत. "आपल्यात माणूस पुरतेत, माणसाची माती होती. ते लहानपणापासून बगतोय, म्हणून शंका आली न्हाई. तू म्हणलीस पुरा, तर मला लगेच पटलं. दुसऱ्या कोणाला पटलं नसतं एवढ्या लवकर." ते बेलाकडे बघत म्हणाले, "तुझे आजोबा कवाच माती झाले. हे न्हाई झालं."

 मला तेव्हा कळलं की ते वाक्य माझं नव्हतंच. पुरलं की माती होते, हे मीही याच घरातून घेऊन गेले होते, आणि कसलाही विचार न करता पिशवीवर छापलं होतं.

कौसाबाईचं रान पुढे ओढ्याच्या कडेला. जेमतेम दीड एकर. कौसाबाई पन्नाशीची, काटक, हाताच्या तळव्यांना कोयत्याचे घट्टे. दरवर्षी दसऱ्यानंतर ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, सहा महिन्यांनी परतते. ती आधीच रानात होती. मामा एका सरीला लागले. मी बांधावर छत्री उघडून उभी राहिले. फोटोसाठीची नवी साडी अंगावर होती. दुसरी मामींनी धुवायला टाकली होती. मोबाईल मी पर्समधून काढलासुद्धा नाही.

आणि मी पाहिलं ते लांबून दिसत होतं त्याहून वाईट होतं. मोठी फडकी मामा ओढून काढत होते. पण जुन्या पिशव्या हात लावताच तुटत होत्या. चिमटीएवढे तुकडे, मग नखाएवढे, मग तांदळाच्या कणीएवढे. बोटांना चिकटायचे आणि वारा आला की पुन्हा ढेकळांत. मामा गुडघ्यावर बसून ते चाळणीने माती चाळावी तसे हाताने चाळत होते.  आम्ही याच भुग्याला दोन वर्षं "बघा, विरघळायला लागली" म्हणत होतो! सोसायटीच्या बागेतल्या खतात असे हिरवे कण दिसले होते, तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या.

थोड्या वेळाने कौसाबाई घागर घेऊन बांधावर आली. मला पाणी दिलं.

"तुमी अप्पांच्या भाची ना? बरं झालं आलाव. त्यांला समजवा जरा. ह्या उन्हात मरतेल हे म्हातारं." मग ती पायांवर बसली. "माझीबी चूक हाय. अप्पा म्हणले, सा महिन्यात माती होती. मी म्हणलं, लय बरं झालं, आमी सा महिने ऊस तोडाया जातोत, येऊस्तोर झाली आसंल. जाताना घरातल्या झाडून समद्या उकिरड्यात घातल्या. शेजारणीच्याबी मागून आणून घातल्या, खत वाढंल म्हणून. दिरानं खत पसरलं. मी चैतात आले आन् बगते तर काय, रान हिरवं! मला वाटलं, कोणी पेरलं आमच्या माघारी?"

ती हसली नाही. मीही नाही. ती पुन्हा रानात गेली आणि दोन ढेकळांमधून एक तळहाताएवढा तुकडा ओढून काढला. झटकला, पदराला पुसला, माझ्याकडे घेऊन आली.

"ताई, तुमी शिकलेल्या. ह्याच्यावर काय लिवलंय वो? समद्याच्या वर एकच लिवलंय."

तुकडा फाटलेला होता, पण तिन्ही शब्द धड होते. पांढरे, ठळक. कोपऱ्यात मी हौसेने काढायला लावलेलं पानसुद्धा.

"वापरा," मी वाचलं. "पुरा. विसरा."

"वापरा, पुरा, इसरा," ती सावकाश म्हणाली. आणि रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "हे लिवलं कोणी?"

चार सऱ्या पलीकडे मामा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "अगं, छापणाऱ्यानं लिवलं आसंल," ते मोठ्याने म्हणाले. "हे लोक काय बी छापतेत. तू ध्यान देऊ नको." मामा उभ्या जन्मात दुकानात खोटं बोलले नाहीत. माझ्यासाठी रानात बोलत होते, आणि त्यांना ते धड जमतही नव्हतं.

"मी लिहिलं, कौसाबाई," मी म्हटलं. "पिशव्या मीच पाठवल्या. माती होते असं अप्पांना मीच सांगितलं. त्यांची चूक नाही."

मामांनी मान खाली घातली. कौसाबाईने माझ्याकडे बघितलं. छत्रीकडे, साडीकडे, स्वच्छ पायांकडे. मी शिव्या खायला तयार होते, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. दोन शिव्या खाऊन, माफी मागून, रडून मोकळी झाले असते आणि दुपारच्या गाडीने निघाले असते.

"मंग वाका की, ताई," ती म्हणाली. "उभ्यानं न्हाई घावत ते."

मी छत्री मिटली आणि बांधावर ठेवली. पदर खोचला आणि वाकले. थोड्या वेळाने मामा त्यांचं पोतं ओढत आणून माझ्या शेजारी ठेवून गेले.